मेलेल्या चिमट्यांची भिंत

साकोलीत खोली शोधत मी काकाजींच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी त्यांनी माझी सायकल पाहिली, मग माझे हात. डाव्या मनगटाला तेव्हा पट्टा होता. काकाजी एसटीच्या भंगारातून आणलेल्या एका सीटवर बसले होते. अंगात बनियन, कानावर पेन्सिल.

"कोणतं हाड गेलं?" त्यांनी विचारलं.

"मनगट."

"सायकलवरून?"

"हो."

"मंग खोली आहे," असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "ऐकलं का वो, गारडबाई आली!"

मी वनरक्षकाच्या गणवेशात होते, तेवढ्यावरून माझं बारसं झालं. त्यांनी नाव, गाव, आडनाव काही म्हणजे काही विचारलं नाही. त्याआधी दोन घरांतून मी परत आले होते. एका घरी एकटी बाई नको होती, दुसऱ्या घरी आडनाव ऐकल्यावर खोली अचानक पाहुण्यांसाठी लागणार होती. लाखांदूरकडच्या ढिवराची पोर मी, बाप तलावात जाळं टाकणारा. हे सगळं कोणत्या सुरात सांगायचं ते मी वाटेत ठरवून आले होते. काकाजींनी ती तयारी वाया घालवली आणि माझ्या सायकलचा हँडल दोन्ही तळव्यांनी खाली दाबला. डोळे मिटले. कान तिरपा केला. मग डोळे उघडून म्हणाले, "हा चिमटा नाही, दागिना आहे."

पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा दोन पायांचा जो भाग असतो, त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात. डोंगराळ रस्त्याच्या सायकलींना तो दबणारा असतो. आत स्प्रिंग आणि तेल असतं, खड्डा आला की तो खाली बसतो आणि परत वर येतो. बाकी सगळी साकोली त्याला शॉकप म्हणते. काकाजींसमोर शॉकप म्हणायची सोय नव्हती. "शॉकप मोटारसायकलचा. सायकलचा तो चिमटा," असं ते एकदा सांगत, आणि दुसऱ्यांदा कोणी चुकलं तर त्या माणसाशी त्या दिवसापुरतं बोलणं बंद करत.

ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. नोकरीत सगळा जन्म बसचे हादरे झेलणाऱ्या कमान-पाट्यांखाली पाठीवर पडून गेला. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, राजकारणात जातात, काकाजी सायकलच्या चिमट्यात गेले. घराच्या पडवीत त्यांनी एक भिंत त्यासाठीच ठेवली होती. तिच्यावर खिळ्यांना टांगलेले तीसेक जुने चिमटे होते, आणि प्रत्येकाखाली पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगात मरणाचं कारण लिहिलेलं. 'पाण्याने मेला.' 'धुऊन धुऊन मारला.' 'वजन न विचारता घेतला.' 'तेल कधीच बदललं नाही.' एकाखाली नुसतं 'फोटोसाठी' असं होतं. सगळ्या भिंतीवर एकच चिमटा 'म्हातारा होऊन गेला' होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. नव्या माणसाला ते ही भिंत हळूहळू, एकेकापुढे थांबत दाखवायचे. मला तर पहिल्याच संध्याकाळी दाखवली. मी आठव्या चिमट्यावर जांभई दिली, ते त्यांनी पुढे वर्षभर ऐकवलं.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. उन्हाळ्यात वणव्याचा निरोप आला म्हणून मी सायकल दामटत निघाले होते आणि नागझिऱ्याच्या बाजूच्या एका कोरड्या नाल्यात सायकलसकट पडले. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळलंय, पण हादरे सोसणार नाहीत. आमच्या साहेबांनी ते ऐकलं आणि मला ऑफिसात टपालाच्या टेबलावर बसायला सांगितलं. साहेब वाईट नव्हते, माझ्या भल्याचंच बोलत होते. पण मी भरतीत धावले ती टपालावर शिक्के मारायला नाही. माझी बीट म्हणजे माझ्याकडे सोपवलेला जंगलाचा तुकडा. तिथला प्रत्येक पाणवठा, प्रत्येक चोरवाट मला पाठ होती. त्या बीटचा फेरा सोळा किलोमीटरचा, एका सकाळी पुरा करायचा तर सायकलच हवी. मोटारसायकलचा आवाज लाकूड तोडणाऱ्याला कितीतरी आधी कळतो.

मी साहेबांसमोर हटून बसले. शेवटी ते म्हणाले, "दसरा होऊ द्या. त्यानंतर मी स्वतः तुमच्याबरोबर सायकलवर पूर्ण बीट फिरेन. हात टिकला तर बीट तुमची. नाही टिकला तर टेबल, आणि मग वाद नाही."

मी हो म्हणाले. माझ्याकडे साडेतीन महिने होते, एक दुबळं मनगट होतं आणि चिमट्याच्या नावाखाली एक दागिना होता.

काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांचा चहा नेहमी मोठ्या स्टीलच्या गिलासात, अर्धाच. पूर्ण भरलेला गिलास त्यांनी कधी घेतला नाही. माणसाच्या शंभर खोडींत ही एक, असं मी धरून चालले होते. चहा संपवून ते म्हणाले, "रस्ता चाकाखाली राह्यला पायजे, हातात नाही आला पायजे. तुह्या तो सरळ हातात येऊन राहिला."

"मंग नवीन घेतो. नागपूरच्या दुकानात एक पाहून ठेवला आहे. हवेचा आहे, लई हलका."

"हवेचा!" त्यांनी गिलास खाली ठेवला. "अन् जंगलात हवा उतरली त कोण भरून देईन? रानडुक्कर?"

त्या दुकानातल्या चिमट्याला सोनेरी पाय होते आणि मी त्याचा फोटो मोबाइलवर रोज पाहत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोली गेली असती.

चिमटा घ्यायचा कसा, याची काकाजींची एक रीत होती आणि ती सोडून एकही पाऊल ते टाकू देत नसत. दुसऱ्या दिवशी ते मला राईस मिलमध्ये घेऊन गेले आणि धानाच्या काट्यावर उभं केलं. नुसतं नाही. गस्तीचे बूट, पाठीवरची पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, कुऱ्हाड, हातात काठी, असं सगळं घेऊन. मिलमधले हमाल काम सोडून बघत उभे राहिले. एक जण म्हणाला, "काकाजी, पोतं लहानच भरलं." काकाजींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कानावरची पेन्सिल काढून आकडा तळहातावर लिहिला.

"सामानासकट बावन्न किलो," ते म्हणाले. "अन् दुकानातल्या चिमट्यातली स्प्रिंग असते पाऊणशे किलोच्या गड्यासाठी. तू बसली त तिले कळणारच नाही कोणी बसलं म्हणून. मंग ते दबते कशाले?"

मला हे कोणत्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. त्यांनी चमक दाखवली, रंग दाखवले, कोणत्या खेळाडूकडे तोच आहे ते सांगितलं. माझं वजन कोणी विचारलं नाही. बाई माणसाला वजन विचारू नये हा सभ्यपणा असेल, पण त्या सभ्यपणात माझं मनगट गेलं असतं.

मग काकाजींनी माझ्या सायकलचा चिमट्याचा दांडा जिथे बसतो तिथलं माप घेतलं, चाकाचं घेतलं, डिस्कब्रेक कुठे बसतो ते पाहिलं. सगळं तळहातावर लिहिलं. आठ दिवसांनी मागवलेला चिमटा आला. साधा काळा, स्प्रिंगचा, आत उसळी आवरणारं तेल, शंभर मिलिमीटर दबणारा. दिसायला अगदीच गरीब. त्यातली कडक स्प्रिंग काढून त्यांनी मला भिंतीवरून 'धुऊन धुऊन मारला' उतरवायला लावला आणि त्याच्या पोटातली मऊ स्प्रिंग नव्यात घालायला लावली. मग मी पुन्हा सगळं सामान घेऊन सायकलवर बसले. काकूंच्या वेणीचं रबर त्यांनी चिमट्याच्या चकाकत्या पायावर बसवलं होतं. मी बसले, उतरले, आणि रबर किती खाली सरकलं ते त्यांनी पट्टीने मोजलं.

"पाव हिस्सा. बरोबर," ते म्हणाले. "नुसतं बसल्यावर पाव दबला पायजे. बाकीचा पाऊण खड्ड्यासाठी ठेवा लागते."

"अन् पायाची जाडी इतकी पाहून कायले घेतली?" मी विचारलं, कारण एका मिलिमीटरवरून त्यांनी एक चिमटा परत पाठवला होता.

"माह्या सायकलच्या चिमट्याएवढी घेतली. घरात दोन चिमटे एका मापाचे असले पायजे."

मला तो हट्ट वाटला. हट्टाच्या बाबतीत तसा माझाही हात कोणी धरला नसता, पण मिलिमीटरवरून नाही.

पण पाना-बोल्टचं काम आलं की ते स्वतः कशालाच हात लावत नसत. मागे दोन्ही हात बांधून उभे राहायचे आणि सांगायचे. पाना मी फिरवायचा, बोल्ट मी काढायचा, आणि तेही शक्यतो डाव्या हाताने. मी कुरकुरले की म्हणायचे, "तिथं नाल्यात मी येऊन राहिलो का?" मला त्यांचा भयंकर राग यायचा. आधीच हात दुखायचा, त्यात हा म्हातारा जमीनदारासारखा मागे हात बांधून उभा.

एकदा त्यांच्या भाच्याच्या लग्नाला मी त्यांच्यासोबत सिहोऱ्याला गेले होते. जेवणाच्या पंगती बसल्या, आणि काकाजी कुठेच नाहीत. काकूंनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "जा, मांडवाच्या मांगं जिथं सायकली लावल्या असन तिथं पाह्य." तिथेच होते. वऱ्हाडातल्या पोरांच्या सायकली एका रांगेत उभ्या होत्या आणि काकाजी एकेकीचा हँडल दाबत, डोळे मिटून ऐकत पुढे सरकत होते. तळहातावर काहीतरी लिहिलेलं. मग पंगतीत त्यांनी समोर बसलेल्या एका पोराला भरल्या ताटावर सांगितलं, "तुह्या डाव्या पायात पाणी शिरलं." तो पोरगा घाबरून आपला पाय चाचपू लागला. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात बी हे वरातीच्या गाडीखाली शिरले होते. मी हार घेऊन उभी, अन् नवरदेवाचे नुसते पाय दिसून राहिले."

चिमटा सांभाळायचे त्यांचे नियम त्यांनी मला वहीत उतरवायला लावले होते. गस्तीवरून आल्यावर आधी चिमट्याचे पाय जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने पुसायचे, मग स्वतःचं तोंड धुवायचं. चिखल सुकू द्यायचा नाही, कारण सुकलेला चिखल पायाच्या वरच्या रबरी सीलला कापतो. जोराच्या पाण्याचा फवारा कधी मारायचा नाही. पायाला ग्रीस चोपडायचं नाही, खोबरेल तर नाहीच. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची आणि टकटक येते का ते ऐकायचं. निघण्याआधी अर्धा तास सायकल उलटी करून ठेवायची, म्हणजे खाली साचलेलं तेल वर सीलपर्यंत येतं. याला ते शीर्षासन म्हणायचे. माझी सायकल पडवीत पहाटे उलटी उभी असायची आणि शेजारचे लोक येता-जाता विचारायचे, गारडबाईची सायकल रोज पंक्चर कशी होते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरचा चिखल गुडघ्याएवढा होता. मी रोज पुसलं. रोज सरावाला थोडं थोडं लांब गेले. चार किलोमीटर, सहा, नऊ. मनगट दुखायचं, पण पूर्वी कळ खांद्यापर्यंत जायची ती आता मनगटातच थांबायला लागली. पोळा झाला तेव्हा मी पहिल्यांदा बारा किलोमीटर न उतरता केले. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आनंदाने, आणि काकाजी दारातून म्हणाले, "रडणं झालं की पुसून घेजो. चिमटा म्हणून राहिलो मी."

दसऱ्याला काकाजी आणि काकू दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. आमच्याकडे चौकीवर त्या दिवशी शस्त्रांची आणि गाड्यांची पूजा असते. बाकीच्यांनी आपापल्या गाडीच्या हँडलला कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोवलं आणि पेढे खायला गेले. माझं तसं नव्हतं. माझ्या मनात त्या काळ्या गरीब चिमट्याबद्दल इतकं काही दाटून आलं होतं की हँडलला नुसतं बोट टेकवून माझं समाधान होईना. माझा हात वाचवला कोणी? हँडलने नाही. मी चिमट्याच्या दोन्ही चकाकत्या पायांना हळदीकुंकवाची बोटं ओढली, तेल लावून अक्षता चिकटवल्या, आणि झेंडूचे दोन छोटे हार करून एकेका पायाला बारीक तारेने आवळून बांधले. वाकून नमस्कार केला. आणि तशीच सायकल चालवत बारा किलोमीटर घरी आले.

घरी आल्यावर फडकं घेऊन पुसायला बसले तेव्हा कळलं. हार गळून पडले होते, तारा राहिल्या होत्या. चिमटा दबला की तार पायावरून खाली-वर घासली गेली होती आणि उजव्या पायावर नख अडकेल असा लांब ओरखडा पडला होता. त्या ओरखड्याने सील फाडलं होतं. कुंकू आणि तेल मिळून लाल चिखल आत ओढला गेला होता आणि आतलं तेल बाहेर येऊन खाली टपकत होतं. मी हँडल दाबला. चिमटा अर्ध्यावर गेला आणि अडकून बसला. साहेबांबरोबरचा फेरा चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाजी आले. खांद्याला पुस्तकांची पिशवी होती, दीक्षाभूमीवरून ते दरवर्षी आणायचे. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "सायकल कुठी आहे?" मी ती धान साठवायच्या ढोलीमागे लपवली होती. बाहेर आणली. त्यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. लाल गाळाकडे पाहिलं.

"पूजा कोणं केली?"

"म्या."

"मारून टाकाले केली का?"

त्यांनी आणखी एकदा पाहिलं आणि आवाज खाली आला. "तुही पूजा खरी होती, ते दिसून राहिलं. इतकं कुंकू कोणी फुकट नाही लावत. पण बाई, जो खाली-वर होते त्याले तार नाही बांधत."

"आता तुमीच करा काकाजी. तीन दिवस राह्यले. माह्यानं चुकलं त सगळंच जाईन."

"नाही."

"माही बीट जाऊन राहिली अन् तुमाले हट्ट सुचून राहिला?" मी खरंच ओरडले. भाडेकरू घरमालकावर ओरडत नाही, पण मी ओरडले. "रोज मांगं हात बांधून उभे राह्यता. एक दिवस त लावा हात!"

काकाजी आत निघून गेले. काकू पडवीत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि हळू म्हणाल्या, "ह्याईचे हात थरथरते वो बाई. दोन वर्ष झाले. भरला गिलास नाही धरता येत, पाना कुठून धरन? लोकाईले दिसू नये म्हणून मांगं बांधून ठेवते."

मला जमिनीत जावंसं वाटलं. इतके महिने त्यांच्या अर्ध्या गिलासाला मी खोड म्हणत होते. आतून काकाजींचा आवाज आला, "गेले नाही हात माहे. सुटीवर आहेत." मग ते बाहेर आले आणि या वेळी हात मागे न बांधता समोर बसले. बोटं थरथरत होती, त्यांनी ती थरथरू दिली. "कर सुरू," ते म्हणाले. "चाक काढ आधी."

नवे सील नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. काकाजींनी पडवीतल्या स्वतःच्या सायकलकडे बोट दाखवलं. "त्याचे काढ. माप सारखंच आहे." एका मिलिमीटरचा तो हट्ट मला तेव्हा समजला.

म्हणजे मला दोन चिमटे उघडायचे होते. खालचे बोल्ट सैल केले, लाकडी हातोड्याने टिचक्या मारून खालचे पाय सोडवले आणि ओढले. डाव्या हातात कळ आली, मी दात आवळले. काळपट लाल तेल परातीत गळालं. फाटलेलं सील मी जेवायच्या चमच्याने उचकटलं. आत कापसासारखी एक मऊ कडी असते, तेल धरून ठेवणारी; ती धुतली, पिळली, नव्या तेलात भिजवली. ओरखड्यासाठी काकाजींनी विचारलं, "तुह्यापाशी नखाले लावाचा रंग आहे का?" होता. एका मैत्रिणीच्या लग्नासाठी घेतलेला गुलाबी रंग होता. तो ओरखड्यात भरला, वाळू दिला, आणि पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने पायाच्या बरोबरीला येईपर्यंत घासला. तीनदा भरला आणि तीनदा घासला. पहिल्यांदा मी जास्त घासलं, दुसऱ्यांदा रंग ओला असतानाच हात लावला. काकाजी ओरडले नाहीत. फक्त म्हणायचे, "आणखी."

नंतर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून तेल घालायचं होतं. मी मोजलं. ते म्हणाले, "परत मोज." मी परत मोजलं, माप तेच निघालं. सगळं जुळवून हँडल दाबला तर चिमटा वर येताना हलकासा अडला. मी परत सगळं उघडलं. एक सील तिरपं बसलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हँडल दाबला आणि तो खाली गेला, वर आला, न अडता, न टपकता. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी थरथरते दोन्ही तळवे हँडलवर ठेवले, दाबलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "जेवून घे."

साहेब सकाळी त्यांची नवी झगझगीत सायकल घेऊन आले. आम्ही निघालो. पहिले पाच किलोमीटर सागाच्या पट्ट्यातून सरळ वाट आहे, तिथे साहेब पुढे आणि मी मागे. मग बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून खाली उतरून वाट दगडांत शिरते. माझं सगळं लक्ष चिमट्याच्या आवाजावर होतं. प्रत्येक दगडाला वाटायचं, आता अडेल. तो खाली बसायचा आणि वर यायचा. दहाव्या किलोमीटरला मनगटाने जागं होऊन आठवण करून दिली. मी पकड सैल केली, कोपर वाकवले आणि पुढे गेले. एका पाणवठ्याच्या काठी ओल्या मातीत अस्वलाचे ताजे ठसे होते. मी उतरले, मोजले, वहीत नोंद केली आणि परत बसले. साहेब हे सगळं बघत होते.

मी उन्हाळ्यात जिथे पडले होते त्या नाल्यात आम्ही पोचलो तेव्हा साहेब माझ्या मागे होते. मी न उतरता दगडांवरून पलीकडे गेले आणि वळून पाहिलं. साहेब सायकल हातात धरून चालत येत होते. पलीकडे येऊन एका खडकावर बसले आणि आपले तळहात पाहू लागले. लाल झाले होते, बोटं ताठरली होती.

"तुमचा हात दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

"दुखतो सर," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण मी खरं सांगितलं. "पण फेरा पुरा होईल."

"माझा तर तुमच्यापेक्षा जास्त दुखतोय." ते उठून माझ्या सायकलजवळ गेले. दोनदा हँडल दाबला. उजव्या पायावरची बारीक गुलाबी रेघ त्यांना दिसली, ती बोटाने चाचपली. "हा चिमटा कोणी बसवला?"

काकाजींचं नाव माझ्या ओठांवर होतं. सांगायला मी तोंड उघडलं आणि एकदम मला माझे स्वतःचे हात दिसले. नखांत अजून काळं तेल होतं, अंगठ्याची सालं निघालेली.

"मी, सर."

साहेबांनी मान हलवली. उरलेले किलोमीटर ते मागेच राहिले. चौकीवर पोचल्यावर त्यांनी रजिस्टर मागवलं आणि माझ्या बीटसमोर माझंच नाव कायम ठेवून सही केली.

घरी आले तेव्हा काकाजी त्यांच्या सीटवर बसले होते. बीट राहिली म्हणून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग मला राहवेना. नाल्याजवळचं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही, मी म्हणून सांगितलं, माफ करा काकाजी, असंही म्हणाले. सील त्यांचे होते, अक्कल त्यांची होती, सगळं त्यांचं होतं.

काकाजी पहिल्यांदाच सायकलकडे किंवा हातांकडे न पाहता माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर सांगितलं," ते म्हणाले. "माहं नाव घेतलं असतं त साहेबानं बीट मलेच दिली असती. मले कुठी जमते आता."

आणि काकूंना चहा टाकायला सांगून ते आत गेले.